ढोल पाहुण्यांसाठी नाही, वाडीसाठी आहे



गेल्या थंडीत आमच्या वाडीवर एक पांढरी गाडी आली. समुद्राकडच्या एका रिसॉर्टचा माणूस होता. नाव लिहीत नाही, कारण अशी रिसॉर्टं आता किनाऱ्याला पावलोपावली झाली आहेत आणि सगळ्यांचं बोलणं एकच आहे. तो म्हणाला, शनिवारी रात्री बारा बाया आणि दोन ढोलवाले द्या. अंगाला पानं बांधायची, डोक्याला पिसं लावायची. पिसं आम्ही देऊ. माझी काकी म्हणाली, "दादा, आमच्यात पिसं लावत नाय." तो म्हणाला, "पाहुण्यांना तसंच आवडतं." मग काकीनं विचारलं, गाणं कुठलं म्हणायचं? तो हसला. म्हणाला, "कुठलंपण म्हणा मावशी. शब्द कुणाला कळतात?"

या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

बाया गेल्या. का गेल्या ते पुढे सांगते. त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. तिथे जाऊन त्यांनी आपल्या दळीच्या जागेचं गाणं म्हटलं. कुठल्या ओहळापासून कुठल्या दगडापर्यंत कुणाची नाचणी होती, कुणाची वरी होती, आणि कुठल्या पावसानंतर तिथे तारेचं कुंपण पडलं, हे सगळं त्या गाण्यात आहे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोबाईलवर फोटो काढले. आपली जमीन कशी गेली ते बाया तोंडावर सांगत होत्या आणि समोरची माणसं ताल धरून नाचत होती. काकी परत आली तेव्हा मी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, "आम्ही रडत होतो, ते नाचत होते. पैसे दिले."

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्यापाशी जमिनीचा कागद नव्हता तेव्हा गाणं होतं. निरोप त्यातून जायचा, दुःख त्यातून बाहेर यायचं, कुणाची जागा कुठली ते त्यातच राहिलं. आज आपली जमीन घेणारा माणूस आपलं गाणंही घेतो, आणि घेताना त्यातले शब्द काढून टाकतो. हे आपण चालू द्यायचं नाही. आणि ते थांबवायचं तर आधी आपणच आपल्या गाण्याचे शब्द ऐकायला लागलं पाहिजे.

गाण्यात निरोप असतो

आमच्या घरात बारावी पास झालेली मी पहिली. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, तिच्या आईलाही नाही. मग एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर बातमी कशी जायची? माणूस धावत जायचा, नाहीतर ढोल वाजायचा. आमच्या वाडीवर मयताचा ठेका वेगळा आहे, होळीचा वेगळा, लग्नाचा वेगळा. डोंगरावर कंद खणायला गेलेला माणूस नुसता ठेका ऐकून समजतो की काम टाकून खाली यायचं की सावकाश आलं तरी चालेल.

दिवाळी झाली की आपल्या वाड्या ओस पडतात. उचल घेतलेली असते, ती फेडायला वीटभट्टीवर जावं लागतं, नाहीतर कोळशाच्या भट्टीवर. मी सहा वर्षांची असताना आईबरोबर भट्टीवर होते. बाया विटा पाडताना गायच्या. मुकादम लांबून येताना दिसला की पुढची बाई गाण्याची चाल बदलायची. सगळ्यांना कळायचं. बसलेली बाई उठायची, पोराला पाजणारी पोराला खाली ठेवायची. हजाराच्या मोजणीत विटा कमी धरल्या तर त्या दिवशीच्या गाण्यात ते यायचं, त्या माणसाच्या चालण्या-बोलण्यासकट. तो बाजूला उभा राहून विडी ओढायचा आणि म्हणायचा, बाया आज खुशीत आहेत. त्यालाही शब्द कळत नव्हते. पण तेव्हा ते आपल्या फायद्याचं होतं.

त्याच भट्टीवर माझा धाकटा भाऊ तापानं गेला. रडायला सुट्टी नव्हती. आई दुसऱ्या दिवशी विटा पाडत होती आणि गात होती. बाकीच्या बाया शेवटचा शब्द तिच्याबरोबर उचलत होत्या, म्हणजे तिला दम घ्यायला वेळ मिळेल. मी लहान होते, मला वाटलं आई विसरली. आता कळतं की ती त्या गाण्यात त्याला नेऊन ठेवत होती, आणि बाकीच्या तिला धरून होत्या.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. घाटावर मुळशीचं धरण आहे, त्याचं पाणी खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, ते आपल्याला माहीत आहे. त्या मावळ भागातल्या आणि बाकीच्या महाराष्ट्रातल्या बाया पहाटे जात्यावर दळताना ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. सासरचा जाच, माहेरची आठवण, नवऱ्याचा मार, मेलेलं मूल. जे नवऱ्याला, सासूला, सरपंचाला सांगता येत नव्हतं ते बाईनं जात्याला सांगितलं. डहाणू-जव्हारकडे वारल्यांच्या लग्नात धवलेरी गायल्याशिवाय लग्न लागत नाही. आपल्या शेजारच्या आगरी गावात धवलारीण असते, तिलाही तोच मान. नाशिक-डांगकडची कोकणा माणसं काशाच्या थाळीला मेणानं काडी चिकटवून, त्या काडीवरून बोटं ओढून आवाज काढतात आणि त्या आवाजावर रातभर कथा सांगतात. यातलं एकही करमणूक म्हणून सुरू झालेलं नाही. प्रत्येक गाण्याला काम होतं.

ज्यांच्या हातात सत्ता त्यांना हे आधी कळलं

आपण म्हणतो, गाण्यानं काय होतं? सत्तेवरची माणसं असं कधी म्हणत नाहीत.

अमेरिकेत साउथ कॅरोलिना नावाचं राज्य आहे. तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना गुलाम म्हणून शेतात राबवत होते. १७३९ साली स्टोनो नदीजवळ त्यांनी उठाव केला. ढोल वाजवत ते पुढे चालले, आणि आवाज ऐकून वाटेतले गुलाम येऊन मिळाले. उठाव चिरडला गेला. पुढच्याच वर्षी, १७४० साली, तिथल्या मालकांनी कायदा केला. त्यात गुलामांनी ढोल आणि शिंग वाजवण्यावर बंदी घातली. हत्यारांवर बंदी घातली तशीच ढोलावर. त्यांना कळलं होतं की ढोल बोलतो.

लांबचं सोडा. आपल्या मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लालबावटा कलापथक होतं. गिरणी कामगारांच्या वस्तीत ते गायचे, तमाशा करायचे. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना त्या तमाशावर सरकारनं बंदी घातली. स्वराज्य आलेलं होतं तरी घातली.

आता अगदी जवळचं. २५ सप्टेंबर १९३०, उरण तालुक्यातलं चिरनेर, अक्कादेवीचा डोंगर. इंग्रजांच्या जंगल कायद्याविरुद्ध लोक कोयते घेऊन लाकडं तोडायला गेले. आगरी होते, कोळी होते, कातकरी होते. पोलिसांनी गोळीबार केला. पडलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. आज दरवर्षी त्या तारखेला चिरनेरला हुतात्म्यांना सरकारी मानवंदना होते. चांगली गोष्ट आहे. पण पहिलीपासून बारावीपर्यंत मी वाचलेल्या एकाही पुस्तकात मला नाग्याचं नाव भेटलं नाही. मला ते आजोबांकडून कळलं, होळीच्या रात्री, ढोल थांबला की मधल्या वेळात जी नावं घेतात त्यात. शाळेनं जे विसरलं ते होळीनं ठेवलं.

चूक आपलीपण आहे

दुसऱ्याला शिव्या देणं सोपं असतं. म्हणून आता आपल्याबद्दल.

मी ज्या आश्रमशाळेत शिकले तिथे रात्री आम्ही पोरी आमच्या बोलीतलं गाणं म्हणायचो तर बाई ओरडायच्या, "हे जंगली ओरडणं बंद करा." आणि त्याच बाई स्नेहसंमेलनाला आम्हाला झाडाचा पाला बांधून सिनेमातल्या गाण्यावर 'आदिवासी नृत्य' करायला लावायच्या. म्हणजे आमचं खरं गाणं म्हणजे जंगलीपणा, आणि त्यांनी बसवलेला जंगलीपणा म्हणजे आमची संस्कृती. ही लाज आम्ही शाळेतून घरी घेऊन आलो. कित्येक वर्षं मी आईच्या गाण्याची लाज बाळगली, हे कबूल करते.

आता लग्नाला डीजे पाहिजे. उचलीतले पैसे काढून डीजे. चार महिने भट्टीवर राबायचं आणि एका रात्रीत ते स्पीकरमध्ये घालायचे. पोरं म्हणतात, ताई तुला मजा कळत नाही. मजा मलापण कळते, मीपण नाचते. पण डीजेच्या आवाजात म्हातारीला काही सांगायचं असेल तर ती सांगू शकत नाही. ढोलाभोवती नाचताना मागची बाई पुढचीला शब्द देते, चूक झाली तर हसतात, नवीन कडवं जोडतात. डीजेमध्ये आपण फक्त ऐकतो. रिसॉर्टवरच्या पाहुण्यांनाही शब्द कळत नव्हते आणि डीजेवर नाचताना आपणही शब्दांशिवाय नाचतो. मग फरक काय राहिला?

आणि संघटनेच्या सभा? तहसीलवर मोर्चा जातो. साहेब भेटायला वेळ आहे, पुढारी यायचे आहेत. कोणीतरी माईकवर म्हणतं, "तोवर बायांनो, एक गाणं होऊन जाऊद्या." तोवर! म्हणजे गाणं हे वेळ काढायला. पुढारी आले की हात वर करून गाणं अर्ध्यात थांबवतात आणि भाषण सुरू. हे मीपण केलं आहे. दोन वर्षांपूर्वी एका सभेत एक म्हातारी आजी गात होती, पाहुणे आले म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला गप्प केलं. ती मुकाट खाली बसली. नंतर मला कळलं की त्या गाण्यात तिच्या वाडीची जागा कुणी लाटली ते होतं. जे तिला अर्जात लिहिता येत नव्हतं ते ती सगळ्यांसमोर सांगत होती, आणि आम्ही भाषण ऐकायचं म्हणून तिला थांबवलं. नंदुरबारकडचे भिल्ल कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता आहे. आदिवासींचं दुःख आदिवासींना बाजूला बसवून दुसरेच मांडतात, यावर ती आहे. ती वाचली तेव्हा मला ती आजी आठवली. मग वाटलं, स्टेजवर तर या वेळी मीच उभी होते.

लोक काय म्हणतात

हे बोलले की तीन गोष्टी ऐकायला मिळतात. त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

पहिली: "रिसॉर्टवर एका रात्रीचे पैसे मिळतात. तू देणार आहेस का?" हा प्रश्न बरोबर आहे. काकी गेली कारण घरात तांदूळ नव्हते. चिंबोऱ्या विकून जेवढं मिळतं त्यापेक्षा ते जास्त होतं. म्हणून मी म्हणत नाही की जाऊच नका. मी म्हणते, गेलात तर आपल्या अटीवर जा. कलाकाराला बोलावतात तेव्हा तो ठरवतो काय गायचं आणि काय घालायचं. आपल्याला मात्र पिसं देतात आणि गप्प राहा म्हणतात. हे गाण्याचे पैसे नाहीत, हे आपल्या अपमानाचे पैसे आहेत.

दुसरी: "आता मोबाईल आला. ढोलानं निरोप द्यायची काय गरज?" मोबाईल पाहिजे, मीपण वापरते. पण एक जुनी गोष्ट सांगते. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात वारली वेठीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर त्यांच्यात काम करत होत्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं पुस्तक वाडीवाडीत वाचलं पाहिजे. त्या ऑक्टोबरमध्ये जमीनदारांच्या माणसांनी खोटा निरोप पसरवला आणि तलवाड्याला हजारो वारली जमले. १० तारखेला पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी काही जण मेले. खोट्या निरोपानं माणसं मरतात. आज आपल्याला फोन येतात, "दाव्याची तारीख बदलली", "तुमच्या वाडीचे अर्ज बाद झाले", "उद्या कागद घेऊन या". कोण बोलतो माहीत नाही. मागच्या पावसात एका वाडीची माणसं अशाच फोनवर कचेरीत गेली आणि इकडे मोजणीवाले येऊन गेले. ढोल कोण वाजवतो ते वाडीला माहीत असतं. त्याचा हात ओळखीचा असतो. फोनवर निरोप आला तर तो खरा करायला एक माणूस आणि एक ठेका ठरलेला असावा, एवढंच म्हणते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: "गाण्यानं सातबारा होत नाही." खरं आहे. होत नाही. पण याचं उत्तर लांबट आहे, ते नीट वाचा.

कागदात एक नाव, गाण्यात सगळी

आपल्या जिल्ह्यातल्या दळीच्या जागा सगळ्यांना माहीत आहेत. इंग्रजांच्या काळापासून डोंगराच्या उतारावर नाचणी-वरी करायला त्या दिल्या गेल्या, त्या माणसागणिक नाही, गटाला. कागदावर नाव एका नाईकाचं, कसणारी घरं अनेक. तो नाईक मेला, त्याचा मुलगा मेला, आज त्याच्या नातवंडांकडे कागद आहे किंवा कुणाकडेच नाही. बाकीच्या घरांचं नाव कुठे आहे? कागदात नाही. जंगल खात्याच्या वहीत नाही. ते आहे म्हाताऱ्या बायांच्या गळ्यात.

२००६ चा वनहक्क कायदा आला, २००८ मध्ये त्याचे नियम आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण ती वनजमीन कसतो किंवा तिथे राहतो, हे आदिवासीनं दाखवायचं आहे. पुरावा कुठला चालतो ते नियम १३ मध्ये लिहिलं आहे. दंडाची पावती चालते. सरकारी कागद चालतात. घर, बांध, सपाट केलेली जमीन अशा जागेवरच्या खुणा चालतात. विहीर, स्मशान, देवाची जागा चालते. आणि दावा करणारा सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदनही चालतं. हे शेवटचं आपण विसरतो. आपण पावत्या शोधत बसतो. पावत्या गळक्या छपरात भिजून गेल्या, भट्टीवर जाताना हरवल्या.

आता आमच्या वाडीचं सांगते. वनहक्क समितीच्या बैठकीला एक आजी आली होती. बाहेरून आलेल्या साहेबांनी विचारलं, "आजी, किती वर्षं कसता?" आजीला वर्षं मोजता येत नाहीत. ती गप्प. "क्षेत्र किती?" गप्प. "चतुःसीमा सांगा." हा शब्द मलाच नीट कळला नाही, तिला कुठून कळणार? साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं संपलं.

संध्याकाळी मी तिच्या अंगणात बसले आणि म्हटलं, आजी, ते दळीचं गाणं म्हण. रिसॉर्टवर बायांनी म्हटलं तेच. ती गायला लागली. मी वही घेऊन बसले. ओहळ आला. ओहळावरचं उंबराचं झाड आलं. मग एकेकाचा तुकडा, कुणाच्या शेजारी कुणाचा. मधे एक मोठा दगड, ज्याच्याखाली तिच्या सासऱ्यानं कोयता पुरला होता. मग वरची देवाची जागा. मग एक विधवा बाई, जिला कुणी नव्हतं म्हणून सगळ्यांनी मिळून तिला एक पट्टा काढून दिला, तिचं नाव. अकरा नावं निघाली. कागदावर यातलं एकच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सात जण डोंगरावर गेलो आणि गाण्याच्या ओळीनं चाललो. उंबर तुटलेला होता, पण बुंधा होता. दगड होता. जुने बांध झुडपात सापडले. देवाची जागा तर आहेच, तिथे आम्ही आजही नारळ ठेवतो. दोन तुकडे तारेच्या आत गेले होते, ते बाहेरून पाहिले. मग आजीचं निवेदन साध्या मराठीत लिहिलं, तिला वाचून दाखवलं, दोन ठिकाणी ती म्हणाली "असं नाय", ते बदललं आणि मग अंगठा घेतला. फोटो जोडले. दावे भरून दिले, पोच घेतली. निकाल अजून आलेला नाही. येईल तो काय येईल सांगता येत नाही. पण अकरा घरांची नावं पहिल्यांदा कागदावर आली आणि ती गाण्यातून आली.

म्हणून मी म्हणते, गाण्यानं सातबारा होत नाही, पण सातबारा ज्यांना कधी मिळालाच नाही त्यांचा हिशोब गाण्यात आहे. ती आजी गेली की तो हिशोब जाईल. आमच्या वाडीवर हे गाणं पुरतं येणाऱ्या आता दोनच बाया राहिल्या आहेत.

काय करायचं

१. वनहक्क समितीनं आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर बसावं. साहेबाच्या भाषेत प्रश्न विचारू नयेत. लावणीची, नाचणीची, होळीची गाणी म्हणायला सांगावं. त्यातली झाडं, दगड, ओहळ, माणसं यांची नावं लिहावीत. मग चालत जाऊन खुणा बघाव्यात आणि त्यावरून निवेदन करावं. निवेदनाच्या दोन प्रती करा, एक वाडीत ठेवा. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका.

२. सगळी गाणी लिहायची नाहीत. मयताची गाणी, देवाची गाणी ज्या त्या माणसांची आहेत. ती लिहू नका, रेकॉर्ड करू नका, कुणाला देऊ नका. कुठलं गाणं बाहेर जायचं ते म्हाताऱ्या बाया ठरवतील, आपण शिकलेली पोरं नाही.

३. रिसॉर्टची किंवा सरकारी कार्यक्रमाची गाडी आली तर एकट्यादुकट्यानं हो म्हणायचं नाही. वाडीची बैठक घ्या. पानं नाहीत, पिसं नाहीत, आपलं रोजचं लुगडं. पैसे तिथल्या तिथे बायांच्या हातात. आणि गाण्याआधी आपल्यातला एक जण उभा राहून मराठीत सांगेल की या गाण्यात काय आहे. ही अट मान्य नसेल तर गाडी परत जाऊद्या. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनालाही हीच अट. मंत्री असला तरी हीच.

४. सभेत "तोवर एक गाणं" बंद. गाणं कार्यक्रमात लिहा, भाषणासारखं. गाणं चालू असताना कुणीही आलं तरी ते थांबणार नाही. पाहुण्यांनी बसून ऐकावं. ही गोष्ट मी स्वतःपासून सुरू करते.

५. प्रत्येक वाडीनं एक ठेका ठरवावा. जेसीबी आला, मोजणीवाले आले, कुंपणवाले आले तर तो वाजवायचा, दुसऱ्या कशालाच नाही. पोरांनी गंमत म्हणून वाजवला तर पोरांना रागवा. शेजारच्या वाडीला तो ठेका शिकवा. निरोप द्यायला दोन माणसं नेमा, त्यातली एक बाई असूद्या, कारण भट्टीच्या दिवसांत वाडीवर म्हातारी माणसं आणि बायाच उरतात.

६. पोरांनो, डीजे बंद करा असं म्हणायला मी आले नाही. लग्नात आधी एक तास ढोल, मग तुमचं काय ते. आणि नवीन गाणी करा. तारेच्या कुंपणाचं, उचलीचं, फोनवरच्या खोट्या निरोपाचं. जुनी गाणीपण कधीतरी कुणीतरी नवीनच केली होती.

हे पत्रक स्टेन्सिलवर हातानं लिहिलं आहे, शाई फुटली असेल तर माफ करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. काकीला मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, सगळं खरं आहे, पण एक राहिलं. मी विचारलं, काय? ती म्हणाली, त्या माणसाला सांग, शब्द कळत नसतील तर विचारायचं. आम्ही सांगितलं असतं.

ज्या वाड्यांनी गाण्यांतून नावं काढली आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला वही घेऊन यावं. आणि गाणारी बाई बरोबर आणावी. तिच्या गाण्यानं बैठक सुरू होईल.

जिंदाबाद!